‘निळा बोकड’ खानावळीचे बारा नाच

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल की ही पिवळ्या पडलेल्या कागदांची एक चळत आहे. कागद माझेच आहेत, पण मी म्हणजे नुसते कागद नव्हे. मी बारा नाचांचा एक जुना संच आहे. वाद्यवृंदाने मला वाजवायचे आणि माणसांनी माझ्या तालावर नाचायचे, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. माझे वय दोनशे वर्षांहून अधिक आहे आणि त्यातली बरीच वर्षे मी मुका होतो. तरी आज मी बोलतो आहे ते रडगाणे गाण्यासाठी नाही. माझ्या वाट्याला जी माणसे आली, ती सांगण्यासारखी होती.

व्हिएन्ना शहराच्या तटाबाहेर लिख्टेनताल नावाचे उपनगर आहे. तिथे आल्स नावाचा ओढा वाहतो. त्या काळी ओढ्याच्या काठाने परटिणींची वस्ती होती. दिवसभर कपडे धोपटण्याचा आवाज येई आणि वाऱ्यावर पांढऱ्या चादरी फडफडत. त्याच गल्लीत, एका घराच्या वरच्या मजल्यावर, फ्लोरिआन लेख्नर आणि त्याची बायको ओटिलिया राहत होती. फ्लोरिआन एका नाटकगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवत असे. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. अंगाने मोठा, आवाजाने जाड आणि चटकन कोणाच्या लक्षात न येणारा. फ्लोरिआनही थोडासा तसाच होता. त्याने चांगल्या भारदस्त, चार-चार भागांच्या सिंफनी लिहिल्या होत्या. त्या पलंगाखालच्या पेटीत पडून होत्या. कोणी त्या कधी वाजवल्या नव्हत्या.

नाताळ उलटून गेला होता. आमच्याकडे उपवासाचे दिवस सुरू होण्याआधी नाचगाण्याचा हंगाम येतो, त्याला फाशिंग म्हणतात. त्याच्या तोंडावर एके दिवशी ‘निळा बोकड’ खानावळीच्या मालकीण ओबरमोजरबाई जिना चढून वर आल्या. बाई चांगल्या धिप्पाड होत्या. जिन्याने त्यांना दम लागला होता, पण बोलायच्या त्या थांबल्या नाहीत.

“लेख्नर मास्तर, मला बारा नाच हवेत. जोडीनं गिरक्या घ्यायचे. नवे कोरे.”

“बाई, मी सिंफनी लिहितो,” फ्लोरिआन म्हणाला.

“लिहा की! मी कुठे अडवलंय? मधल्या वेळात नाच लिहा.”

“नाच कोणी ऐकत नाही हो. लोक बोलतात, हसतात, बिअर पितात आणि खाली कोणाचं तरी पोर रडत असतं.”

“ऐकायला कोणी सांगितलंय? आमच्या गल्लीचे कान दिवसभर धोपटणी ऐकून किटलेले असतात. तुम्ही पायांसाठी लिहा.”

एवढे बोलून बाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांचा आवाज खाली आला. ओढ्यापलीकडे आरशांचे नवे नाचघर उघडले होते. बाईंकडे दरवर्षी नाच लिहून देणारा माणूसही तिकडेच गेला होता.

“या फाशिंगला माझं दालन रिकामं राहिलं, तर पुढच्या वर्षी ‘निळा बोकड’ची पाटी उतरवावी लागेल,” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांनी स्वतः रंगवली होती ती. बोकडापेक्षा कुत्र्यासारखा दिसतो, पण ह्यांनी रंगवलाय.”

फ्लोरिआन मान खाजवू लागला. तेव्हा चुलीपाशी उभी असलेली ओटिलिया म्हणाली, “लिहील तो.”

“मी अजून हो म्हटलेलं नाही,” फ्लोरिआन म्हणाला.

“तुझ्या वतीनं मी म्हटलं. बाई, सूप घ्या. गरम आहे.”

फ्लोरिआनने चमकून बायकोकडे पाहिले. त्याला नवल वाटले याचे कारण होते. ओटिलिया पूर्वी त्याच नाटकगृहात नर्तकी होती. एका खेळात रंगमंचावरची फळी तिच्या पायाखाली उघडली आणि ती खाली पडली. कंबरेचे हाड वाकडे जुळले. तेव्हापासून ती काठी घेऊन चालत असे. फ्लोरिआनने हे सारे खाली वाद्यवृंदात बसून डोळ्यांनी पाहिले होते. त्या दिवसानंतर तिने ना नाटकगृहात पाऊल टाकले, ना कुठल्या नाचाला गेली. घरात नाचाचा विषयसुद्धा निघत नसे. आणि आज तिनेच परस्पर हो म्हटले होते.

तर मित्रांनो, अशा रीतीने मी जन्माला आलो, तेही स्वयंपाकघरातल्या टेबलावर. एका टोकाला फ्लोरिआन लिहीत बसे, दुसऱ्या टोकाला ओटिलिया पीठ मळत असे किंवा भाजी चिरत असे. एक नाच लिहून झाला की तो व्हायोला काढून तिला वाजवून दाखवी. ती हात पुसून समोर बसे आणि उजव्या हाताची दोन बोटे टेबलावर उभी करी. ती बोटे म्हणजे दोन पाय. सुरांबरोबर ती बोटे टेबलावरून पुढे जात, वळत, गिरकी घेत. पिठाचे ठसे उमटलेली एक वाट मागे राहत असे.

“थांब,” ती मधेच म्हणे. “इथे बोटं अडखळली. इथे श्वास घ्यायला जागाच ठेवली नाहीस.”

“इथे सूर बदलतो. फार सुंदर बदलतो.”

“असेल. पण तोपर्यंत नाचणारी बाई तोंडावर पडलेली असते त्याचं काय?”

फ्लोरिआन पुटपुटत ती ओळ खोडी. पहिल्या एक-दोन नाचांना त्याने कुरकुर केली. हळूहळू मात्र तो लिहिताना स्वतःच टाच आपटू लागला. एके दिवशी एक जागा खोडताना तो मोठ्याने हसला. त्याला इतक्या दिवसांत हसताना ओटिलियाने पाहिले नव्हते. तीही हसली. कागदावर शाईचा एक मोठा डाग पडला तो त्याच वेळचा. तो अजून माझ्या अंगावर आहे आणि तो मला प्रिय आहे.

आणखी एक गंमत सांगतो. आमच्याकडच्या नाचाच्या वाद्यवृंदात व्हायोला नसतो. व्हायोलिन असतात, भला थोरला बास असतो, बासऱ्या, शिंगे, तुताऱ्या, नगारा हे सगळे असते. व्हायोला तेवढा नाही. ओटिलियाच्या हे लक्षात आले तेव्हा तिला हसू आवरेना.

“वा रे शहाण्या! बारा नाच लिहिलेस आणि स्वतःला उभं राहायला जागा ठेवली नाहीस.”

“तेच तर बरं आहे,” फ्लोरिआन म्हणाला. “मला तिथे बसून बघायला नको.”

माझा सातवा नाच इतरांहून वेगळा झाला. त्याची चाल संथ आहे. शिंगे एक लांब सूर धरून ठेवतात आणि त्यावर बासरी सावकाश फिरते. फ्लोरिआनने तो वाजवला तेव्हा ओटिलियाची बोटे पुढे गेलीच नाहीत. ती जागच्या जागी डोलली. एकदा या पायावर, एकदा त्या. सूर थांबल्यावरही तिने हात उचलला नाही.

“हा कोणासाठी लिहिलास?” तिने विचारले.

“फाशिंगसाठी,” तो म्हणाला.

तिने हात ओढून घेतला आणि ती पुन्हा पीठ मळू लागली.

तालमीला ‘निळा बोकड’च्या दालनात वादक जमले. त्यांचा म्होरक्या प्लोख नावाचा व्हायोलिनवादक होता. हात तयार आणि जीभ त्याहून तयार. सहा नाच त्याने मान डोलवत वाजवले. सातव्याला त्याने गज थांबवला.

“फ्लोरिआन, हा झोपेत लिहिलास का रे?”

ओबरमोजरबाईही पुढे आल्या. “मास्तर, हा फारच संथ आहे. लोक जागेवर जाऊन बसतील आणि बिअर मागतील.”

“बरोबर,” फ्लोरिआन शांतपणे म्हणाला.

बाई क्षणभर विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. “अगंबाई! राहू दे, राहू दे. चांगला आहे हा.”

त्यांना एकच गोष्ट विचारायची राहिली होती. दारावर लावायच्या पत्रकावर कोणाचे नाव घालायचे?

“कोणाचंच नको,” फ्लोरिआन म्हणाला. “एक दिवस माझं नाव सिंफनीवर येईल. नाचांवर नको.”

मित्रांनो, खरे सांगतो, हे ऐकून मला वाईट वाटले. ज्याने मला जन्म दिला त्यालाच माझी लाज वाटत होती. पण त्याचा राग मला आला नाही. पेटीतल्या त्या न वाजलेल्या सिंफनी मला माहीत होत्या. त्यांच्याजवळच मी काही दिवस ठेवलेला होतो.

फाशिंगचा रविवार उजाडला. नाच दुपारी जेवणानंतर सुरू व्हायचा होता. शेजारची परटीण उर्शी आपला सगळ्यात चांगला झगा घालून ओटिलियाला बोलवायला आली. उर्शी वयाने लहान होती, पण भीडभाड ठेवणारी नव्हती.

“चला ताई. सगळी गल्ली निघालीय.”

“मी येऊन काय करू? भिंतीला टेकून लोकांचे पाय बघत बसू?”

“बघा की. कोणाचे पाय धुवायला झालेत तेवढं तरी कळेल.”

ओटिलिया हसली, पण जागची हलली नाही. फ्लोरिआननेही तिला आग्रह केला नाही. दारात तो जरा थांबला, मग टोपी घालून एकटाच गेला.

दालन निम्मेच भरले होते. ओढ्यापलीकडून आरशांच्या नाचघराचा नगारा ऐकू येत होता. प्लोखने माझा पहिला नाच सुरू केला. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर वाजत होतो, आणि कोणीही नाचत नव्हते. लोक बाकांवर बसून जर्दाळूच्या मुरांब्याने भरलेले क्राप्फन नावाचे तळलेले गोड पाव खात होते. नवे सूर, नवा ठेका, पहिल्यांदा कोणी उठायचे? फ्लोरिआन खांबाआड उभा राहून टोपी पिळत होता.

तेवढ्यात ओबरमोजरबाईंनी कंबरेचा फडका काढून फेकला. समोर बसलेल्या खाटकाचा दंड धरून त्या म्हणाल्या, “ऊठ रे! वर्षभर माझ्याकडे बसून खातोस, आज जरा उभा राहा.” खाटीक बिचारा तोंडातला घास गिळत उठला. दोघे एवढे अगडबंब की त्यांच्या पहिल्या गिरकीला जमिनीच्या फळ्या करकरल्या. सगळे दालन खदखदून हसले. हसता हसता उर्शी उठली, तिचा नवरा उठला, मग परटिणींची रांगच्या रांग उठली. दुसऱ्या नाचाला बाकांवरची माणसे निम्मी झाली. चौथ्याला खिडक्या उघडाव्या लागल्या.

त्या उघड्या खिडक्यांतून मी गल्लीत पसरलो. ओढ्यापलीकडे चाललेली काही जोडपी पुलावर थांबली, त्यांनी कान दिले आणि ती मागे वळली.

मी आणखी एका घरापर्यंत पोहोचलो होतो. हे मला नंतर ओटिलियाच्याच तोंडून कळले. ती खिडकीशी बसली होती. माझा पाचवा नाच सुरू झाला आणि तिची बोटे खिडकीच्या चौकटीवर चालू लागली. ती उठली, तिने खांद्यावर शाल घेतली, काठी उचलली. बर्फ वितळून गल्लीत चिखल झाला होता. भिंतीचा आधार घेत ती खानावळीपर्यंत आली.

सहावा नाच संपला तेव्हा दारातली माणसे बाजूला झाली. फ्लोरिआनने वर पाहिले तर समोर ओटिलिया उभी. झग्याच्या काठाला चिखल, गाल थंडीने लाल.

“बोटं दमली माझी,” ती म्हणाली.

प्लोखने गज उचलला. शिंगांनी तो लांब सूर धरला. सातवा नाच सुरू झाला आणि लोक घाम पुसत बाकांकडे वळले.

“आता उभा काय राहिलास?” ओटिलिया म्हणाली. “तुझ्या वाद्याला यात जागा नाही ना? म्हणजे हात रिकामे आहेत तुझे.”

“मला नाचता येत नाही, ओटिलिया. जन्मभर मी खाली बसून वाजवत आलोय.”

“माहीत आहे मला. मी वर होते, सगळं दिसत होतं.”

तिने काठी खांबाला टेकवली आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. दालनाच्या मधोमध मोकळ्या जागेत ती दोघे उभी राहिली. एकदा या पायावर, एकदा त्या. फ्लोरिआनचे पाऊल चुकत होते. एकदा त्याने तिच्या पायावरच पाय दिला. ती कळवळली आणि हसली. हळूहळू बाकांवरची कुजबुज थांबली. गल्लीतल्या प्रत्येकाला ओटिलियाची हकीकत माहीत होती.

मग नाच संपत आला तेव्हा तिचा पाय लटपटला. कंबर एका बाजूला कलली. तिने फ्लोरिआनचा कोट घट्ट धरला आणि तिचा चेहरा पांढरा झाला. ‘झाले,’ मला वाटले, ‘आता ती बसेल आणि पुन्हा कधी उठणार नाही.’ माझे शेवटचे सूर जवळ आले होते. मी संपत होतो आणि थांबणे माझ्या हाती नव्हते.

पण प्लोखचे लक्ष होते. तिखट जिभेच्या त्या माणसाने शेवटच्या सुरावर गज थांबवलाच नाही. मान झटकून त्याने वादकांना खूण केली आणि सातवा नाच पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, आधीपेक्षाही सावकाश. शिंगवाल्यांनी छाती भरून सूर धरला. जणू दालनातल्या सगळ्यांनीच तिला सावरून धरले होते. ओटिलियाने श्वास घेतला, पाय नीट टेकवला आणि ती पुन्हा डोलू लागली. आता उर्शी नवऱ्याला घेऊन त्यांच्या शेजारी आली. मग ओबरमोजरबाई आणि तो खाटीक. मग सगळेच. त्या संथ नाचाला कोणीही बिअर मागितली नाही. बाईंनाही त्याचे काही वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिआनने माझा पहिला कागद समोर घेतला आणि त्यावर ठळक, वळणदार अक्षरांत आपले नाव लिहिले.

“हळू,” ओटिलिया म्हणाली, “सगळी शाई नावातच संपवशील.”

“संपू दे,” तो म्हणाला.

त्यानंतरची वर्षे माझ्या सुखाची होती. ‘निळा बोकड’ बंद पडला नाही. दर फाशिंगला मला तिथे वाजवत. परटिणी कपडे धोपटताना माझ्या चाली गुणगुणत. बाजारात सफरचंदे विकणारा माझी शीळ घाली आणि ती चुकीची घाली. लोक फ्लोरिआनला रस्त्यात थांबवून म्हणत, “मास्तर, तुमच्या तिसऱ्या नाचात आमचं लग्न जुळलं हो!” सिंफनी पेटीतच राहिल्या, हे मी लपवणार नाही. कधीकधी तो पेटी उघडून त्या चाळत बसे. पण आता त्याचा चेहरा पूर्वीसारखा पडत नसे. ओटिलिया दरवर्षी सातव्या नाचापुरती उठे. एवढेच तिच्या कंबरेला झेपत असे, आणि तेवढे तिला पुरत असे.

मग नाचांची तऱ्हा बदलली. गिरक्या लांबल्या, चाली वेगवान झाल्या. नव्या पिढीला मी जुनाट वाटू लागलो. ओटिलिया म्हातारी होऊन वारली. त्यानंतर फ्लोरिआनने मला दोरीने बांधले आणि तो उर्शीकडे गेला. उर्शीची मुलगी रोझालिया डॅन्यूब नदीकाठच्या एका खेड्यात, तिथल्या शाळामास्तराच्या घरी दिली होती.

“मास्तर वाजवतात ना?” फ्लोरिआनने विचारले. “त्यांना दे हे. फक्त पेटीत ठेवू नका म्हणावं. माझ्या घरात एका पेटीनं पुष्कळ गिळलंय.”

शाळामास्तरांनी त्याचा शब्द पाळला. जर्दाळूंच्या बागांमधल्या त्या खेड्यात मी लग्नांत वाजलो, फळे उतरवल्यानंतरच्या जेवणांत वाजलो. पण त्यांच्यानंतर जे मास्तर आले त्यांना फक्त चर्चचे संगीत आवडे. “हे धांगडधिंग्याचे कागद वर टाका,” असे म्हणून त्यांनी मला चर्चमध्ये, गाणारे उभे राहतात त्या माडीवरच्या कपाटात ठेवून दिले. दार बंद झाले.

मित्रांनो, अंधाराचे दिवस मोजता येत नाहीत, म्हणून मी मोजले नाहीत. ओल आली. उंदरांनी माझ्या कडा कुरतडल्या. एकदा कोणीतरी कपाट उघडले तेव्हा मला आशा वाटली, पण त्या बाईंना मुरांब्याच्या बरण्यांची तोंडे बांधायला कागद हवा होता. दुसऱ्या शिंगवाल्याने वाजवायचे माझे कागद त्या घेऊन गेल्या. ते गोड शेवटाला गेले, असे म्हणून मी मनाची समजूत घातली. पुढे मोठी युद्धे झाली. वरच्या मनोऱ्यातल्या घंटासुद्धा तोफांसाठी वितळवायला नेल्या. मला कोणी नेले नाही. मी कोणाच्या कामाचाच नव्हतो.

आणि मग, तुमच्या आईबाबांच्या काळात, चर्चचे छप्पर गळू लागले. दुरुस्तीसाठी माडी रिकामी करायची ठरली. जुने कपाट खाली आणले गेले. त्या वेळचे फादर सेवेरिन भले गृहस्थ होते, पण त्यांना पसाऱ्याचा तिटकारा. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, “वाळले की शेगडीला होतील.”

“थांबा हो, फादर,” असे म्हणत एक बाई पुढे झाल्या. त्या इर्मगार्ड, गावातल्या मुलांना संगीत शिकवणाऱ्या. त्यांनी माझी दोरी सोडली, धूळ फुंकली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्या गुणगुणू लागल्या. मित्रांनो, इतक्या वर्षांनी एका माणसाच्या गळ्यातून मी बाहेर पडलो! आवाज जेमतेम होता, वर धुळीने त्यांना खोकला येत होता. तरी मला वाटले, मी पुन्हा जन्मलो.

इर्मगार्डबाईंनी हिवाळाभर बसून माझी नवी प्रत केली. उंदरांनी खाल्लेल्या जागा आजूबाजूचे सूर पाहून भरल्या. दुसऱ्या शिंगाचे मात्र काहीच उरले नव्हते. गावातल्या अग्निशमन दलाच्या बँडमध्ये आल्फोन्स नावाचा एक माणूस शिंग वाजवत असे. त्याला हे सांगितले तर तो खूश झाला.

“हरवलं ते बरं झालं. आता मला हवं ते वाजवता येईल.”

“हवं ते नाही, शोभेल ते,” इर्मगार्डबाई म्हणाल्या.

त्यावरून दोघांचे कित्येक आठवडे वाद झाले, पण शेवटी दुसरे शिंग उभे राहिले. मुले, शिक्षक, बँडवाले असे मिळून वीसेक वादक जमले.

गावात मोठे दालन नव्हते. म्हणून अग्निशमन दलाच्या शेडमधून बंब बाहेर काढला, जमीन धुतली, ओळीने खुर्च्या मांडल्या. फाशिंगचाच रविवार होता. सगळे गाव चांगले कपडे करून आले आणि खुर्च्यांवर बसले. मी वाजू लागलो. लोक इतके गप्प बसले होते, की एखाद्याचा खोकलासुद्धा ऐकू यावा. बारा नाच त्यांनी हात मांडीवर ठेवून ऐकले. शेवटी टाळ्या झाल्या. खूप झाल्या. इर्मगार्डबाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

पण मला मात्र उदास वाटले. माझा मान राखला गेला होता, पण एखाद्या मेलेल्या माणसाचा राखतात तसा. एकही पाय हलला नव्हता.

टाळ्या थांबल्या आणि पहिल्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला. जर्दाळूच्या बागा असलेल्या हेडविगबाई बोलत होत्या.

“इर्मगार्ड, छान वाजवलंत. पण हे बसून ऐकायचं काही खरं नाही बाई. माझे पाय खुर्चीखाली नुसते भांडतायत.”

काही जण हसले. इर्मगार्डबाई वळल्या. “मग खुर्च्या धरून कशाला बसलायत?”

मग एक खुर्ची सरकली. दुसरी सरकली. लोखंडी पायांचा एकच करकराट झाला आणि खुर्च्या भिंतीला लागल्या. मधली जागा मोकळी झाली आणि सगळे कडेला उभे राहून एकमेकांकडे बघू लागले. कसे नाचायचे, कोणाला ठाऊक होते? ते शिकवणारी माणसे कधीच मातीत गेली होती. वादकांनी पहिला नाच पुन्हा सुरू केला. हेडविगबाई सरळ चालत फादर सेवेरिन यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“या फादर. तुम्ही याला शेगडीत घालणार होतात ना? करा आता प्रायश्चित्त.”

फादर लालेलाल झाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, सुटकेची वाट दिसेना, तेव्हा त्यांनी हात पुढे केला. त्यांनी जे काही केले ते माझ्या काळी कोणी नाच म्हटले नसते. पण त्यांच्यामागून सारे गाव उतरले. कोणी उड्या मारल्या, कोणी नुसतेच हात धरून गोल फिरले, मुले एकमेकांवर आपटली. हसणे, ओरडणे, बुटांचा दणदणाट. त्या गदारोळात माझे मलाच ऐकू येईना. असे सुख मला किती वर्षांनी लाभले म्हणून सांगू!

पुढे शहरातून जाणकार मंडळी आली. त्यांनी माझे जुने कागद नेऊन एका थंड, कोरड्या खोलीत जपून ठेवले आहेत. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. कागद जपलेच पाहिजेत. पण मित्रांनो, जपणे म्हणजे फक्त कुलूप लावणे नव्हे. तुमच्या घरातही कोणाच्या तरी तोंडी एखादी चाल असेल, एखादे खेळाचे गाणे असेल, कोणी बरीच वर्षे न म्हटलेले. ते माणूस बसलेले असेल तर त्याच्याजवळ जा आणि ते म्हणायला लावा. तुम्हीही म्हणा. चुकले तर चुकू दे. चुकीचे म्हटलेले गाणे जिवंत असते, आणि जिवंत आहे ते पुढे सुधारता येते.

दर फाशिंगला आमच्या गावातला बंब अजूनही शेडबाहेर काढतात. पोरे आता हेडविगबाईंपेक्षा बरे नाचतात, आणि फादर सेवेरिन यांच्यापेक्षा तर कोणीही बरेच नाचते. कधी आमच्या बाजूला आलात तर जरूर या. बसायला खुर्ची मात्र मागू नका. बुटांच्या नाड्या घट्ट बांधून या.